धुराची वर्दी

आमच्या गावाचे ऋतू मी नाकाने शिकले. शाळेच्या पुस्तकात चार चित्रं होती, फुलाचं, सूर्याचं, पानाचं आणि बर्फाच्या माणसाचं, पण घरात कुणी त्या चित्रांवरून दिवस ओळखत नव्हतं. एप्रिल लागला की बर्चच्या झाडांचा पिवळा धुरळा यायचा, गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतका, आणि पुण्याच्या रहदारीत उभी तरुणाई स्कूटरवर काढून ज्यांना कधी साधी शिंक आली नव्हती ते माझे बाबा रुमालांचा गठ्ठा घेऊन घरभर फिरायचे. उन्हाळ्यात डोंगरावरचा पांढरा चुनखडीचा दगड तापायचा आणि खाली गावात वाळलेल्या गवताचा वास भरून राहायचा. शरदात नदीपलीकडच्या शेतांवर शेणखताचं पाणी फवारत. मी नाक दाबून घरात पळायचे आणि आई उलट खिडकीत जाऊन उभी राहायची. "साताऱ्याला आल्यासारखं वाटतं गं," म्हणायची. आणि मग नोव्हेंबरात धुकं उतरायचं, ते एकदा बसलं की उठायचं नाव घेत नसे. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये झाले नावाची नदी, आणि आम्ही तळाशी, पातेल्यावर झाकण ठेवावं तसे. जर्मनीतल्या येना शहराहून छोट्या गाडीने नदीच्या कडेकडेने आलं की हे गाव लागायचं. बाबा येनाला काचा घासायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. तिथे घर मिळालं नाही म्हणून आम्ही इथे आलो आणि मग इथलेच झालो.

घर फ्राऊ लांगे यांचं, म्हणजे लांगेबाईंचं. त्या खाली राहायच्या, आम्ही वर. उंच, काटकुळ्या बाई, केस आखूड कापलेले, पायात कायम लोकरीचे जाड मोजे. नवरा वारून फार दिवस झाले नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्या वर आल्या आणि आईला हाताला धरून एकेका खिडकीपाशी नेलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, घरातल्या सगळ्या खिडक्या एकदम सताड उघडायच्या आणि घरातली सगळी हवा बदलून घ्यायची. बाहेर कितीही थंडी असो, बर्फ असो. नाहीतर भिंतींना शिमेल धरतं, म्हणजे काळी बुरशी, आणि बुरशी धरली तर भाडेकरूंची चूक. याला त्या श्टोसल्युफ्टन म्हणायच्या, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा देवघरात उभं राहिल्यासारखा व्हायचा. आईला आधी हसू आलं. आपल्याकडे खिडकी उघडायची ती वारं आत यावं म्हणून, इथे ही माणसं घर विसळल्यासारखी हवा बाहेर फेकत होती. पण आईने ते एकदा मनावर घेतलं आणि मग व्रत धरावं तसं धरलं. चैत्रागौरीचं हळदीकुंकू राहिलं असेल, श्टोसल्युफ्टन कधी राहिलं नाही.

संध्याकाळची वेळ तिची ठरलेली होती. स्वयंपाक व्हायचा, शेवटची आमटीची फोडणी पडायची, आणि तो वास जिन्यात उतरायच्या आत आई खिडक्या उघडायची. फोडणीचा आवाज म्हणजे आमच्या घराची घंटा होती. मोहरी तडतडली की मी वह्या आवरायचे, हिंग पडला की बाबा लॅपटॉप मिटायचे, आणि कढीपत्ता चुर्र झाला की तिघं आपोआप स्वयंपाकघरात. कढीपत्ता येनाच्या एका व्हिएतनामी दुकानातून गोठवलेला यायचा आणि आई तो मोजून नाही, पण जपून वापरायची. मग खिडकी उघडायची आणि बाहेरून लाकडाच्या धुराचा वास आत यायचा. फ्राऊ लांगेंनी मागच्या बाजूला एक बुटकी खोली बांधून घेतली होती. संध्याकाळ झाली की त्या तिथल्या लोखंडी शेगडीत लाकडं पेटवून वाचत बसायच्या. त्या खोलीचं धुराडं बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली संपायचं. आई खिडकीत उभी राहून डोळे मिटून तो वास छातीभर घ्यायची. "बंबाचा वास," म्हणायची. तिच्या माहेरी पहाटे पाणी तापवायचा तांब्याचा बंब पेटायचा, आणि थंडीत सगळी भावंडं त्याच्याभोवती दात घासत उभी राहायची, हे मला तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की तो बंब मी पाहिलाच आहे असं मला अजून वाटतं. दिवसभर भाषेच्या वर्गात जर्मनशी झगडून दमलेली माझी आई त्या खिडकीत रोज थोडा वेळ माहेरी जाऊन यायची.

दुसऱ्या हिवाळ्यात तिचा श्वास बिघडला. आधी नुसता खोकला होता. मग जिना चढून आली की भिंतीला टेकून उभी राहू लागली, मग बोलता बोलता मध्येच थांबू लागली. रात्रीपेक्षा संध्याकाळी जास्त. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. येनाच्या छातीच्या डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं, पंप दिला, आणि घरात कशाने त्रास होतो ते शोधून काढा म्हणाले. परागकण नव्हते, मांजर नव्हतं, गालिचा आईने आधीच गुंडाळून तळघरात टाकला होता. फ्राऊ लांगेंना मात्र शोधायची गरज वाटली नाही. जिन्यात भेटल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तुझी आई फार तळते. तेल, मसाला, वाफ. आल्झो, तेव्हा आणखी जास्त खिडक्या उघडा." मी घरी येऊन ते सांगितलं. बाबांच्या डोक्यात ते जाऊन बसलं.

माझ्या बाबांचा स्वभाव असा की एखादी गोष्ट मोजता आली की ती अर्धी सुटली असं त्यांना वाटायचं. त्यांनी हवा मोजायचं एक यंत्र मागवलं. खोबऱ्याच्या वडीएवढं पांढरं यंत्र, त्यावर एक आकडा आणि एक दिवा. हवा चांगली असली की हिरवा, मग पिवळा, मग लाल. बाबांनी ते स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवलं आणि आईला म्हणाले, "आता तू रोजच्यासारखी फोडणी कर." मोहरी तडतडली आणि दिवा सरळ लाल झाला, पिवळ्यावर थांबलासुद्धा नाही. बाबा इतके खूश झाले की आई आजारी आहे हे क्षणभर विसरलेच. "बघ, सापडलं की नाही! गेनाऊ, अगदी बरोबर!" आई गॅस बंद करून त्या दिव्याकडे बघत राहिली. आम्ही त्या यंत्राला इन्स्पेक्टर म्हणू लागलो. नाव मी ठेवलं. पुढचे दोन महिने त्या घरात राज्य त्याचं होतं.

फोडणी बंद झाली. ज्याने ते घर पाहिलेलं नाही त्याला हे एवढं काय, असं वाटेल. डाळ शिजायची, वरून मीठ आणि लिंबू पडायचं आणि ती पानात यायची. भाज्या वाफवलेल्या. पोहे नाहीत, कांदा परतणं नाही, पोळीसुद्धा तव्यावर धूर येईल म्हणून बाबांनी बाहेरून आणलेली. बाबा प्रत्येक घासाला "छान झालंय" म्हणायचे आणि आई प्रत्येक वेळी "काय छान झालंय?" असं विचारायची. संध्याकाळ कधी झाली ते मला कळेनासं झालं, कारण ती सांगणारा आवाजच नव्हता. आणि फोडणी नसली तरी बाबांनी खिडक्या उघडायच्या वेळा वाढवल्या. राहिलेली वाफही जाऊ दे, म्हणायचे. आई शाल गुंडाळून खिडकीपाशीच बसायची, तिथे तिला बरं वाटतं म्हणायची. धुराचा तो वास तेवढा तिला उरला होता. आणि श्वास काही सुधारत नव्हता, उलट आणखी बिघडत होता.

संक्रांत तिथल्या हिवाळ्याच्या ऐन पोटात येते. धुकं इतकं बसलं होतं की समोरचं चर्च आवाजाने ओळखावं लागायचं. आई सकाळीच म्हणाली, "मी तीळ भाजणार आहे. वर्षाचा सण आहे. कुणी काही बोलायचं नाही."  बाबांनी इन्स्पेक्टरकडे बघितलं फक्त. दुपारनंतर तीळ भाजले, गूळ वितळला, घराला कित्येक आठवड्यांनी घराचा वास आला. मी कढईतला पाक पाण्यात टाकून गोळी होते का ते बघत होते. दिवा लाल झालाच. बाबांनी धावत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या आणि अंधार पडेपर्यंत त्या तशाच ठेवल्या. आईने हाताला तूप लावून लाडू वळायला घेतले आणि तिसऱ्या-चौथ्या लाडवाला ती थांबली. लाडू ताटात ठेवला, टेबलाची कड धरली, आणि तिला श्वास घेता येईना. पंपाने काही होईना. तिचे ओठ मला वेगळ्या रंगाचे दिसले. बाबा फोनवर जर्मनमध्ये पत्ता सांगत होते आणि त्यांना आमच्या गल्लीचं नाव आठवत नव्हतं. मी ओरडून सांगितलं. अँब्युलन्स आली, मास्क लावला, जिन्यातून खाली नेताना फ्राऊ लांगे दारात उभ्या होत्या, तोंडावर हात धरून. पाक कढईतच घट्ट झाला. तो मी दुसऱ्या दिवशी सुरीने खरवडून काढला.

आई चार दिवसांनी घरी आली आणि त्याच संध्याकाळी बाबांनी सांगितलं की तिने साताऱ्याला जावं. मामाकडे. वसंत येईपर्यंत, आणि पुढच्या वर्षी हिवाळा लागायच्या आधीच पुन्हा. तिकीटही काढलं होतं. मी शाळा सोडू शकत नव्हते, म्हणजे मी इथे बाबांजवळ राहायचं. "दर हिवाळ्यात?" आईने विचारलं. "दर हिवाळ्यात," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा आला की पुढे भांडायची सोयच राहिली नाही. इथला हिवाळा म्हणजे निम्मं वर्ष. मला चौदावं लागलं होतं, मला आईला जर्मनमध्ये उत्तर द्यायची खोड लागली होती, तिच्या उच्चारांची मला मैत्रिणींसमोर लाज वाटायची, आणि तरीही ती जाणार म्हटल्यावर मी माझ्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. आता माझ्या मुलाने मला जर्मनमध्ये तोडून उत्तर दिलं की मी रागावत नाही. तो ऐकत असतो, हे मला माहीत आहे.

तिकिटाला अजून वेळ होता. आईला उठायची बंदी होती, म्हणून त्या दिवसांत आम्ही सरळ जर्मन जेवण जेवायचो, आबेन्डब्रोट, म्हणजे रात्री थंड पाव, चीज, काकडीचं लोणचं. गॅसला हातसुद्धा लागत नव्हता. अशाच एका संध्याकाळी बाबांनी खिडक्या उघडल्या, मी पावाला लोणी लावत होते, आणि आई तिच्या नेहमीच्या जागी, खिडकीपाशी, शालीत. एकदम ती म्हणाली, "अहो, तुमचा इन्स्पेक्टर बघा."

दिवा लाल होता.

"बिघडलं असेल," बाबा म्हणाले.

"माझ्या फोडणीला लाल झाला तेव्हा नव्हतं बिघडलं? आज तर घरात काडीसुद्धा पेटलेली नाही."

बाबा उठले. त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा लाल. ते घेऊन ते माझ्या खोलीत गेले, तिथे दार बंद होतं, थोड्या वेळाने पिवळा झाला. न्हाणीघरात हिरवा. परत स्वयंपाकघराच्या दारात, पिवळा, आणि जसजसे ते खिडकीकडे सरकले तसतसा आकडा चढत गेला. शेवटी त्यांनी हात खिडकीबाहेर काढला. खाली धुराड्यातून पांढरा धूर निघत होता आणि तो वर जातच नव्हता. भिंतीला लागून वर आला आणि आमच्या खिडकीच्या उंबऱ्यावर रेंगाळला, एखाद्या ओळखीच्या माणसासारखा. बाबांनी खिडकी लावली. मग ते पावाच्या ताटासमोर येऊन बसले. "मी घरातली हवा मोजत बसलो," ते म्हणाले, "बाहेर काय आहे ते बघितलंच नाही गं." आईने त्यांच्या ताटात लोणच्याची काकडी वाढली. तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ती धुराड्याकडे बघत होती. "बंबाचा वास," ती म्हणाली, पण या वेळी फार हळू.

त्या रविवारी बाबा आम्हाला डोंगरावर घेऊन गेले. अर्ध्यापर्यंत बस जाते, पुढे आई थांबत थांबत चढली. इन्स्पेक्टर बाबांच्या कोटाच्या खिशात होता हे सांगायला नकोच. एका वळणावर थंडी तशीच राहिली पण अंगावर ऊन आलं, खरं पिवळं ऊन, महिनाभर न पाहिलेलं. आईने मफलर सोडला. तिने एक मोठा श्वास घेतला, थांबली, शिट्टी वाजते का ते ऐकलं, आणि दुसरा घेतला. "अहो," ती म्हणाली, "इथे हवा आहे." बाबांनी खिशातून यंत्र काढून दाखवलं, हिरवं. आम्ही दगडावर बसून घरून नेलेले संक्रांतीचे उरलेले लाडू खाल्ले. त्या दिवशी धुकं पातळ होतं आणि खाली सगळं गाव दिसत होतं. प्रत्येक घरातून धुराची रेघ निघायची, थोडी वर यायची, आणि कशाला तरी डोकं आपटल्यासारखी आडवी पसरायची. सगळ्या रेघांची मिळून एक तपकिरी साय गावावर धरली होती आणि त्या सायीखाली लोक आपापल्या खिडक्या उघडून घर स्वच्छ करत होते. मी आता आखनला राहते, जर्मनीच्या पश्चिम टोकाला. तिथे सीमेपलीकडून वारा येतो, पाऊस येतो, हवा एका जागी बसत नाही. तरी कुठल्याही गावात गेले की मी आधी तिथली धुराडी बघते.

येताना बाबा बसमध्ये म्हणाले, आपण दुसरं घर बघू, किंवा फ्राऊ लांगेंना नोटीस देऊ, इथे कायदे कडक आहेत. आई म्हणाली, "तिच्या एकटीचा थोडाच आहे धूर? सगळं गाव पेटवतंय. आणि आधी मी बोलते." त्या दिवसापासून तिने स्वतःचे नियम केले. खिडक्या भर दुपारी उघडायच्या, जेव्हा ऊन धुक्याला थोडं उचलतं. संध्याकाळी सगळं बंद. साहजिकच तिसऱ्या दिवशी फ्राऊ लांगे वर आल्या. अंगात जाड स्वेटर, चेहऱ्यावर काळजी आणि नियम दोन्ही.

"फ्राऊ पेंडसे, संध्याकाळी खिडक्या बंद? शिमेल धरेल!"

आईने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, चहा ठेवला, आणि मला हाक मारली. "मने, इथे उभी राहा. मी बोलते तसं जसंच्या तसं सांगायचं. गोड करायचं नाही, तिखटही करायचं नाही." मग तिने माझ्याकडे न बघता, फ्राऊ लांगेंकडे बघत मराठीत सांगितलं. "त्यांना सांग, तुमच्या शेगडीचा धूर माझ्या खिडकीतून आत येतो आणि तो माझ्या छातीला सोसत नाही. त्याच्यामुळे मला मुलीला सोडून जावं लागतंय. आणि हेही सांग की मला त्या धुराचा वास फार आवडतो. माझ्या आईच्या घरचा आहे." मी सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज फुटला, ते जसंच्या तसं राहिलं नाही.

फ्राऊ लांगे उठल्या. त्यांनी इन्स्पेक्टर हातात घेतला, खिडकी स्वतः उघडली आणि हात बाहेर धरला. दिव्याचा लाल रंग त्यांच्या बोटांवर पडला. त्यांनी खिडकी लावून घेतली, पण वळल्या नाहीत. "ती वेर्नरची लाकडं आहेत," त्या म्हणाल्या. "त्याने फोडली, त्याने रचली. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा रचत होता. म्हणाला, तुला थंडी वाजायला नको." बाबांनी घसा खाकरला. ते कायद्याचं काहीतरी काढणार हे मला कळलं आणि आईलाही कळलं. "अहो, गप्प बसा जरा," ती म्हणाली. मग उठून ती फ्राऊ लांगेंच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिच्या तुटक्या जर्मनमध्ये, माझी मदत न घेता म्हणाली, "तुम्ही जाळा. लाकूड जाळायचं असतं. वेर्नरचं लाकूड, पावसात कुजवायचं नाही. फक्त पेटवायच्या आधी मला सांगा. मी खिडकी लावते."

"सांगू कसं? रोज हे जिने चढू?" फ्राऊ लांगेंनी गुडघ्यावर हात ठेवला.

 त्या चहा पिऊन खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा पाइप, खालून वर आलेला, एकदम बोलला. टण्, टण्. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आई उठली, खिडक्या नीट लागल्या आहेत का ते बघितलं, आणि मग पाइपवर उलट लाटणं दोनदा आपटलं. थोड्याच वेळात खालून धूर निघाला आणि काचेपलीकडून वर चढत गेला.

आईचा श्वास जादूने सुधारला नाही. पंप राहिला, धुक्याचे दिवस वाईटच गेले, आणि खरं सांगायचं तर फोडणीही अगदी निर्दोष नव्हती. आई ती झाकण ठेवून, वरचा पंखा लावून करू लागली. ज्या दिवशी तिने पुन्हा पहिली फोडणी घातली त्या दिवशी दिवा पिवळा झाला, मग लाल. बाबा उठले. मला वाटलं खिडकी उघडणार. त्यांनी इन्स्पेक्टर उचलला, भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि पानावर बसले. तिकिटाची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी आईने वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या पिठाचं धिरडं केलं होतं, आणि खाली एक ताट गेलं. त्यानंतर खाली ताटं जायची आणि वर मनुकांचा केक यायचा, आणि दोघी एकमेकींच्या पदार्थाला मनापासून नावं ठेवायच्या. माझ्या आईचं जर्मन भाषेच्या वर्गात सुधारलं नाही तेवढं त्या दोन खोल्यांमध्ये सुधारलं.

लाकडं मात्र संपत आली होती. बागेच्या भिंतीला लागून पत्र्याखाली ती रचलेली असायची, आणि दर हिवाळ्यानंतर तिथली रांग आखूड व्हायची. मी शाळेच्या शेवटच्या वर्षात जायच्या आधीच्या वसंतात एकदा कपडे वाळत घालायला गेले आणि त्या भिंतीचा दगड मला पहिल्यांदा पूर्ण दिसला. काही उरलं नव्हतं, फक्त साली आणि भुसा. मी आईला सांगितलं. तिला माहीत होतं. फ्राऊ लांगेंनी शेवटचा ओंडका पेटवला त्या संध्याकाळी तिला खाली बोलावलं होतं, आणि आई पंप खिशात घालून त्या धुरात त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती. बाबांना तिने हे सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात धुकं उतरलं. अंधार पडायच्या सुमाराला आई डाळीला फोडणी देत होती, मी टेबलावर वह्या पसरून बसले होते, खालून आता धूर येणार नाही म्हणून खिडकी उघडी होती. बागेत पांढरं धुकं, धुराचा मागमूस नाही. आणि पाइप वाजला. टण्, टण्.

बाबांनी मान वर केली. "अगं, लाकडं तर संपली ना त्यांची?"

"संपली," आई म्हणाली.

तिने गॅस बारीक केला, हात पदराला पुसले, आणि जाऊन खिडकी लावली, खाली ऐकू जाईल अशी. मग लाटणं घेतलं आणि पाइपवर दोनदा वाजवलं.